१/१६ टी-३४-८५: खेळणं वाटू नये आणि चालवल्यावर रंग उडू नये यासाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हेंग लाँग कंपनीचा १/१६ प्रमाणातला, रिमोटवर चालणारा सोव्हिएत टी-३४-८५ रणगाडा घेतला आहे. तो १९४५ सालच्या खऱ्या रणगाड्यासारखा दिसला पाहिजे, पण कपाटात ठेवायचा नाही, अंगणात चालवायचा आहे. मग रंगापासून सुरुवात करावी की आतल्या यंत्रापासून, आणि लावलेला चिखल चालवताना टिकतो का?

सुरुवात आतून करा. रंग, गंज, चिखल कितीही सुरेख जमला तरी रणगाडा उंदरासारखा पळाला की पहिल्याच सेकंदाला खेळणं उघडं पडतं. दुसरं कारण अधिक व्यावहारिक आहे. गिअरबॉक्स बदलणं, चाकं सरळ करणं, पट्टे ताणणं या कामांत हल (रणगाड्याचा खालचा मुख्य सांगाडा) दहा वेळा उघडावी लागते, आणि रंगवलेली हल उघडताना स्क्रूच्या भोवती, कडांवर आणि बोटांच्या जागी रंग हमखास जातो. त्यामुळे आधी किमान अर्धा तास सलग चालवून सगळं निर्धोक झालं, असं पटल्यावरच रंगाची बाटली उघडा.

वेगाचं गणित सोपं आहे. खऱ्या टी-३४-८५ चा रस्त्यावरचा कमाल वेग ताशी ५५ किलोमीटर. त्याला १६ ने भागलं की ताशी साधारण ३.४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ९५ सेंटिमीटर. मोकळ्या रानात तो ताशी २५-३० नेच जायचा, म्हणजे मॉडेलसाठी सेकंदाला ४५ ते ५० सेंटिमीटर. जमिनीवर दोन मीटर अंतरावर दोन खुणा करा आणि मोबाइलचं घड्याळ लावा. रिमोटची कांडी पूर्ण ढकलून दोन सेकंदांपेक्षा कमी वेळ लागत असेल तर गाडी जास्त वेगवान आहे. उपाय म्हणून कमी व्होल्टची बॅटरी लावू नका. त्याने वेग कमी होतो, पण जोरही जातो आणि वळताना मोटार अडकून तापते. जास्त रिडक्शनचा (मोटारीचा वेग अधिक घटवणारा) गिअरबॉक्स लावा, किंवा ट्रान्समीटरवर कमाल वेग मर्यादित करता येत असेल तर तो ६०-७० टक्क्यांवर आणा. आतल्या सर्किट बोर्डात सुरुवात आणि थांबणं सावकाश करण्याची सोय असेल तर ती जरूर वापरा. ३२ टनांचं धूड झटक्यात सुटत नाही आणि झटक्यात थांबतही नाही.

वजनाचंही असंच. ३२ टनांना १६ च्या घनाने, म्हणजे ४०९६ ने भागलं तर ७.८ किलो येतात. तेवढं वजन घालायचं नाही, गिअर आणि बुशिंग त्यासाठी बनलेले नसतात. पण हलच्या तळाशी, मध्यभागाच्या किंचित पुढे ५०० ते ८०० ग्रॅम शिशाचे किंवा लोखंडाचे तुकडे घट्ट बसवले की चाल बदलते. सस्पेन्शन मात्र या वजनाखाली बसलं पाहिजे. रणगाडा टेबलावर ठेवल्यावर स्प्रिंग त्यांच्या एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश दबलेल्या असाव्यात. त्या अजिबात दबत नसतील तर गाडी दगडावर चढताना एका चाकावर उचलली जाते आणि डुगडुगते. बारीक तारेच्या, मऊ स्प्रिंग घाला. मग १२ मिलिमीटर जाडीची लाकडी पट्टी आडवी ठेवून तिच्यावरून संथ गतीने न्या. पाचही चाकं एकापाठोपाठ एक उचलली गेली आणि हल जवळजवळ सपाट राहिली, तर सस्पेन्शन जमलं.

पट्ट्यांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण टी-३४ ची ओळखच तिथे आहे. या रणगाड्याला वरचे आधाररोलर नाहीत. पट्ट्याचा वरचा भाग थेट मोठ्या चाकांच्या डोक्यावर टेकतो आणि चाकांच्या मधल्या जागेत किंचित झुकतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या चाकातलं अंतर बाकीच्यांपेक्षा जास्त आहे, म्हणून तिथला झोल सर्वांत ठळक दिसतो. मॉडेलचा पट्टा वरून तारेसारखा सरळ ताणलेला असेल तर पुढे कितीही रंगवा, छायाचित्रात तो खेळण्याचाच दिसणार. धातूचे पट्टे आपल्या वजनाने आपोआप बसतात. म्हणून पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर मी धातूच्या पट्ट्यांवर घालायला सांगेन. पण ते एकटे लावायचे नाहीत. त्यांच्यासोबत मागची धातूची ड्राइव्ह चाकं, पुढची धातूची आयडलर (पट्टा ताणून धरणारी) चाकं आणि पोलादी गिअरचा गिअरबॉक्स हवाच. धातूचा पट्टा प्लॅस्टिकचं ड्राइव्ह चाक काही तासांत खाऊन टाकतो, आणि प्लॅस्टिकचा गिअर जागेवर वळताना सोलला जातो.

पट्टा उतरत असेल तर लगेच एक कडी कमी करून ताण वाढवू नका. आधी मागून पाहा: ड्राइव्ह चाक, पाच रोडव्हील आणि आयडलर एका रेषेत आहेत का? बहुतेक वेळा ड्राइव्ह चाक अर्धा ते एक मिलिमीटर आत किंवा बाहेर असतं. पातळ वॉशर घालून ते सरळ केलं की ढिला पट्टाही जागेवर राहतो. गिअरबॉक्सच्या शाफ्टवरचा छोटा ग्रब स्क्रू शाफ्टच्या चपट्या बाजूवरच कसलेला आहे का, हेही बघा. आणि एक सावधगिरी: स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून लॉकटाइटसारखं द्रव थ्रेडलॉकर एबीएस प्लॅस्टिकजवळ वापरू नका. ते ओघळून प्लॅस्टिकमध्ये शिरतं आणि काही दिवसांनी स्क्रूभोवतीचा बॉस (स्क्रू बसतो ती प्लॅस्टिकची नळी) तडकतो. धातूत धातू कसायचा असेल तेव्हाच ते वापरा. प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशचा ठिपका पुरतो.

विजेचं काम थोडक्यात: दोन सेलची लिथियम बॅटरी असेल तर ७.० व्होल्टला वाजणारा छोटा अलार्म लावा, बॅटरी आणि बोर्डच्या मध्ये गाडीत असतो तसा ७.५ किंवा १० अँपिअरचा पात्याचा फ्यूज घाला. पट्ट्यात दगड अडकून मोटार जाम झाली तर फ्यूज जातो, बोर्ड वाचतो.

आता प्लॅस्टिक. कारखान्यातून आलेल्या मॉडेलमध्ये सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे पत्र्याची जाडी. मडगार्डचं प्लॅस्टिक दोन मिलिमीटर जाड असेल तर १/१६ मध्ये ते ३२ मिलिमीटरचं चिलखत झालं, आणि खरा मडगार्ड हा साधा वाकणारा पत्रा होता. पूर्ण बदलायचा तर ०.३ मिलिमीटरचा पितळी पत्रा घ्या. नाही तर खालच्या बाजूने कड तिरकी तासून दिसणारी धार अर्धा मिलिमीटरवर आणा. एक-दोन ठिकाणी धार हलकी वाकवा, पुढचा कोपरा चेपलेला दाखवा. याउलट चिलखताची जाडी दिसलीच पाहिजे. हलची बाजू ४५ मिलिमीटर, म्हणजे मॉडेलवर २.८ मिलिमीटर. चालकाचं झाकण उघडं दाखवणार असाल तर त्याचीही कड जाड दिसायला हवी. तोफेचं तोंडही मोजा: ८५ मिलिमीटरचं छिद्र म्हणजे मॉडेलवर ५.३ मिलिमीटर. अनेक मॉडेलांत ते बरंच लहान असतं आणि नळीची कड जाड दिसते. ड्रिलने एकदम मोठं करू नका, नळी फाटते. अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने वाढवत न्या, किंवा टर्न केलेली अॅल्युमिनियमची नळी बसवा. हलवर चढून बसणाऱ्या पायदळासाठी लावलेले हँडरेल प्लॅस्टिकचे असतील तर काढून १.२ मिलिमीटर पितळी तारेचे करा. रणगाडा उचलताना प्लॅस्टिकचे तुटतातच, हा त्यातला दुसरा फायदा.

पृष्ठभाग ही पुढची पायरी, आणि इथे टी-३४ वर काम करण्याचा खरा आनंद आहे. टरेट, म्हणजे तोफेचा वरचा फिरता बुरूज, ओतीव पोलादाचा, हल लाटलेल्या पत्र्यांची. म्हणजे टरेट आणि तोफेचं मँटलेट (नळीच्या बुडाशी असलेलं चिलखत) खडबडीत, पण हलचे पत्रे सपाट. सगळीकडे सारखाच खडबडीतपणा देणं ही नेहमी दिसणारी चूक आहे. टरेटसाठी मिस्टर सर्फेसर ५०० हा दाट प्रायमर जुन्या, ताठ ब्रशने ठोकत लावा, एका वेळी तळहाताच्या निम्म्या एवढ्याच भागावर, आणि ते चिकट झाल्यावर पुन्हा कोरड्या ब्रशने ठोका. दुसऱ्या दिवशी ४०० नंबरच्या पेपरने फक्त टोकं मारा. खोली ०.३ मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नका; त्यापुढे ते पोलादाऐवजी सिमेंटच्या गिलाव्यासारखं दिसतं. साच्याच्या दोन भागांची सांधरेषा टरेटभोवती बारीक कंगोऱ्यासारखी राहायची, ती ठेवा. टरेटच्या छताचा पत्रा मात्र लाटलेला असून वेल्ड केलेला आहे, त्याला हात लावू नका.

वेल्डिंगच्या रेघा युद्धकाळातल्या टी-३४ वर जाड आणि ओबडधोबड होत्या. मिलिपुट किंवा टॅमियाची इपॉक्सी पुटी एक मिलिमीटर जाडीच्या शेवयांसारखी लाटा, सांध्यावर ठेवा, पाण्याने ओल्या केलेल्या बोथट पात्याने थोड्या थोड्या अंतरावर दाबत जा. अंतर अगदी सारखं ठेवू नका. एम-सील स्वस्त आणि कोपऱ्यावर मिळतं, पण त्याचा कण जाड आहे. हलच्या आत वजनाचे तुकडे बसवायला ते उत्तम, बाहेरच्या वेल्डला नको.

हे सगळं फोटोवरून करता येतं, पण महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय एकदा या नजरेने पाहावं. तिथल्या पॅटनच्या ओतीव टरेटवर हात जवळ नेऊन पृष्ठभाग बघा, वेल्डची रुंदी बघा, पट्ट्याच्या कड्यांच्या कुठल्या कडा घासून गोल झाल्या आहेत ते बघा. मात्र रंगासाठी संग्रहालयातला रणगाडा प्रमाण मानू नका. उघड्यावर ठेवलेल्या गाड्यांना वर्षानुवर्षं नवे रंग चढवलेले असतात. त्यांची छटा आणि झीज प्रदर्शनाची आहे, लढाईतली नव्हे.

रंगकामाआधी सगळे भाग भांडी घासण्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, वाळवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. साच्यातलं तेल राहिलं तर रंग चिकटपट्टीसोबत सालीसारखा निघतो. प्रायमर राखाडी किंवा गडद तपकिरी घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा गाड्यांचा स्प्रे प्रायमर चालतो, पण आधी हलच्या आतल्या बाजूला मारून बघा. काहींतला थिनर इतका तिखट असतो की प्लॅस्टिकवर जाळी उठते. आणि पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, लॅकर प्रकारचं काहीही मारण्याआधी हवेतली आर्द्रता बघा. ती ७० टक्क्यांच्या वर असेल तर थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प जमतं आणि रंग पांढुरका पडतो. मॅट वार्निशला हा त्रास सर्वांत जास्त. जुलैत घाई असेलच तर एसीच्या खोलीत दोन तास भाग ठेवून, तिथेच ब्रशने लावता येणारं अॅक्रिलिक वापरा.

सोव्हिएत रणगाड्यांचा हिरवा रंग म्हणजे ४बीओ. या नावाचे रंग बहुतेक कंपन्यांकडे आहेत आणि प्रत्येकाची छटा वेगळी आहे, त्यावर फार वाद घालण्यात अर्थ नाही. टॅमियात करायचा असेल तर एक्सएफ-५८ (ऑलिव्ह ग्रीन) च्या आठ भागांत एक्सएफ-६० (डार्क यलो) चा एक भाग, ही माझ्या डोळ्याला पटणारी सुरुवात आहे. ०.३ मिलिमीटरची एअरब्रश, रंगाच्या एका भागाला थिनरचे दीड ते दोन भाग, दाब १५ ते १८ पीएसआय. तीन-चार पातळ थर. नंतर त्याच रंगात आणखी थोडा एक्सएफ-६० घालून फक्त आडवे पृष्ठभाग, म्हणजे टरेटचं छत, इंजिनडेक (इंजिनावरचा पत्रा) आणि पुढच्या पत्र्याचा मधला भाग उजळवा.

१/३५ च्या छोट्या मॉडेलवर सांध्यांत गडद आणि प्रत्येक पत्र्याच्या मध्यभागी फिकट असं जे ठसठशीत काम करतात, ते इथे जसंच्या तसं आणू नका. छोट्या मॉडेलवर खऱ्या सावल्या पडायला जागा नसते, म्हणून त्या रंगवाव्या लागतात. १/१६ मध्ये हँडरेलखाली, इंधनाच्या ड्रमखाली, टरेटच्या गळ्याखाली खरी सावली पडते. त्यावर रंगवलेली सावली चढली की चौकडीची चादर पांघरल्यासारखं दिसतं. दोन पत्र्यांतला फरक जेमतेम जाणवेल इतकाच ठेवा.

तुम्ही १९४५ म्हणालात, तर मी बर्लिनची लढाई निवडायला सांगेन, आणि त्याला कारण आहे. १६ एप्रिल १९४५ ला पहिल्या बेलोरशियन फ्रंटने (सोव्हिएत सैन्यगटाने) ओडर नदीच्या दलदलीच्या पट्ट्यातून झेलोच्या टेकड्यांवर हल्ला सुरू केला आणि २ मे रोजी बर्लिन पडलं. म्हणजे एकाच रणगाड्यावर आधी ओडरकाठचा काळसर चिखल आणि त्यावर पडलेल्या इमारतींची फिकट धूळ, असे दोन थर येतात, आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. चालवायच्या मॉडेलला हे फारच सोयीचं. जाड चिखल फक्त खालच्या हलवर राहतो, आणि वर जे दिसतं ते धुळीचं, म्हणजे पातळ. पातळ थर उडत नाही. विमानातून ओळख पटावी म्हणून टरेटभोवती पांढरा पट्टा आणि छतावर पांढरा क्रॉस रंगवत. ते हाताने, मोठ्या ब्रशने केलेलं काम होतं, त्यामुळे मास्किंग टेप लावून सरळ कड काढू नका. व्हॅलेहो कंपनीचा पांढरा, त्यात किंचित राखाडी, १० मिलिमीटरच्या चपट्या ब्रशने, कुठे दाट कुठे विरळ. टॅमियाचं अॅक्रिलिक यासाठी नको, दुसरा हात मारताना पहिला उचकटतो. काही रणगाड्यांवर पॅन्झरफाउस्ट या जर्मन रणगाडाविरोधी हातशस्त्रापासून बचावासाठी तारेच्या जाळीचे पडदे होते. दिसायला जबरदस्त, पण चालवताना झुडपांत अडकतात. लावायचेच तर काढता-घालता येतील असे लावा.

पांढरा पट्टा आणि आकडे झाल्यावर अॅक्रिलिक ग्लॉस वार्निशचा पूर्ण, बंद थर द्या आणि दोन दिवस सोडा. या थराशिवाय पुढे जाऊ नका. एबीएस प्लॅस्टिक ताणाखाली असेल, म्हणजे स्क्रू कसलेला बॉस, वाकवून अडकवलेली क्लिप, स्प्रिंग लावलेला स्विंगआर्म (चाक धरणारा हलता दांडा), आणि त्यावर इनॅमलचा थिनर किंवा व्हाइट स्पिरिट साचलं, तर ते बारीक भेगांतून आत शिरतं आणि भाग तडकतो. कधी लगेच, कधी आठवड्याने. रिमोटच्या रणगाड्यांवर वॉश (सांधे उठून दिसावेत म्हणून लावायचा पातळ गडद रंग) मारल्यावर चाकाचा आर्म ‘आपोआप’ तुटतो तो यामुळेच. म्हणून वॉश कधीही ओतायचा नाही. टोकदार ब्रशने सांध्यात सोडायचा, आणि सस्पेन्शनच्या भागांना तेलरंगाऐवजी पाण्यावरचा अॅक्रिलिक वॉश वापरायचा.

वॉशसाठी कॅम्लिनचे आर्टिस्ट तेलरंग पुरेसे आहेत: बर्न्ट अंबर तीन भाग, काळा एक भाग. ट्यूबमधून रंग पुठ्ठ्यावर पिळून काही तास ठेवा. पुठ्ठा जवसाचं तेल शोषून घेतो, त्यामुळे रंग मॅट आणि लवकर वाळतो. मग बिनवासाच्या स्पिरिटमध्ये साधारण एकास दहा पातळ करा. वेल्ड, नटबोल्ट, झाकणांच्या कडा, इंजिनडेकच्या जाळ्या. वीस मिनिटांनी स्वच्छ स्पिरिटमध्ये बुडवून जवळजवळ कोरड्या केलेल्या ब्रशने वरून खाली ओढा. उभ्या पत्र्यावर राहणाऱ्या अस्पष्ट रेघा पावसाच्या ओघळासारख्या दिसतात, त्या तशाच राहू द्या.

गंज आवरा. टी-३४-८५ चं उत्पादन १९४४ च्या सुरुवातीला चालू झालं, आणि आघाडीवरच्या रणगाड्याचं आयुष्य बहुधा काही आठवड्यांचं किंवा महिन्यांचं असे. वर्षानुवर्षं सडलेल्या हलसारखे नारिंगी पट्टे त्याच्यावर येणार नाहीत. गंज तीन जागी: मागच्या पत्र्यावरच्या दोन एक्झॉस्ट पाइपांना, सुट्या ठेवलेल्या पट्ट्याच्या कड्यांना आणि टो केबलला. रंगाचे टवके जिथे माणूस हात-पाय ठेवतो किंवा काही आदळतं तिथेच. चालकाच्या झाकणाची कड, टरेटच्या झाकणांभोवती, मडगार्डची पुढची धार, बाजूच्या ९० लिटरच्या ड्रमांचे पट्टे, हँडरेलचा मधला भाग. फाटक्या स्पंजचा तुकडा व्हॅलेहोच्या जर्मन कॅमो ब्लॅक ब्राउनमध्ये बुडवा, कागदावर बहुतेक रंग पुसून टाका, मग हलके ठोका. आपल्याला पुरेसं वाटेल त्याच्या निम्म्यावर थांबा. धुळीनंतर ते योग्य दिसतं.

व्ही-२ डिझेल इंजिनची काजळी मात्र भरपूर असायची. एक्झॉस्टच्या तोंडाभोवती मागच्या पत्र्यावर काळपट तपकिरी छटा एअरब्रशने पातळ मारा, वरच्या दिशेने जास्त. तुमच्या मॉडेलमध्ये धुराचं यंत्र असेल तर त्याचं तेल तोंडातून ठिबकतं आणि पत्र्यावरचं पिगमेंट (कोरडी रंगपूड) कायमचं ओलं, काळं पडतं. आतली नळी पाइपच्या तोंडापासून दोन-तीन मिलिमीटर बाहेर काढा आणि त्या पत्र्यावर कोरडं पिगमेंट अजिबात वापरू नका, फक्त रंगाने काम करा.

आता चिखल. प्लास्टर ऑफ पॅरिसचा चिखल प्रदर्शनाच्या मॉडेलवर शोभतो. चालत्या रणगाड्यावर तो पहिल्या धक्क्याला कवचासारखा निघतो आणि खडे गिअरबॉक्समध्ये जातात. इथे लवचीक चिखल हवा: मॅट अॅक्रिलिक मीडियम तीन भाग, चाळलेली माती दोन भाग, बारीक लाकडाचा भुसा अर्धा भाग, आणि रंगासाठी पिगमेंट. माती चहाच्या गाळणीने, मग मलमलीने चाळा आणि ओव्हनमध्ये १२० अंशांना अर्धा तास तापवा, म्हणजे पुढे बुरशी येणार नाही. देशावरची काळी माती ओडरकाठच्या ओल्या चिखलाच्या छटेला जवळची आहे. कोकणातली तांबडी जांभ्याची माती मात्र टाळा. पूर्व आघाडीच्या रणगाड्यावर ती पाहताक्षणी परकी वाटते. काळ्या मातीची एक खोड लक्षात ठेवा: ती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते आणि भेगा पडतात. शेतात दिसतं तेच मॉडेलवरही होतं. म्हणून तिचं प्रमाण मातीच्या एक तृतीयांशावर ठेवा, बाकी साधी बारीक वाळूविरहित माती घ्या.

हे मिश्रण खालच्या हलच्या बाजूला, चाकांच्या मागे आणि मडगार्डच्या पोटाला लावा. दोन पातळ थर द्या, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा. पट्ट्यापासून सगळीकडे तीन मिलिमीटर मोकळी जागा हवी. लावल्यावर, ओलं असतानाच, पट्टे हाताने एक फेरी फिरवून बघा. स्विंगआर्मच्या धुऱ्यावर, स्प्रिंगमध्ये आणि ड्राइव्ह चाकात काही नको. चाकांच्या रबरी धावेवर जाड थर टिकणार नाही, तिथे फक्त पातळ धुळीचा रंग.

त्यावर बर्लिनची धूळ. विटेची तांबूस, चुन्या-गिलाव्याची पांढरट, दगडाची राखाडी, अशी मिळून ती फिकट राखाडी-गुलाबी होते. खरी विटेची भुकटी वापरायची इच्छा होईल. वापरा, पण पाचात एक भाग, बाकी राखाडी आणि फिकट खाकी पिगमेंट. नाहीतर रणगाडा वीटभट्टीतून आल्यासारखा होतो. कोरडी धूळ आडव्या जागांवर आणि खाचांत ब्रशने टाका आणि शेजारी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब टेकवा, ते आपोआप पसरतं. उडून गेलं की पिगमेंट बसतं. ज्या जागी आपली बोटं लागणार तिथे हे टिकत नाही. तिथे धुळीचाच रंग पातळ अॅक्रिलिकमध्ये एअरब्रशने द्या. एकूण काम झाल्यावर मॅट वार्निशचा एक हलका हात द्या. त्याने पिगमेंट एक छटा गडद होतं, हे गृहीत धरून धूळ आधीच थोडी जास्त फिकट ठेवा.

धातूचे पट्टे शेवटी घ्या. ते बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे असतात आणि पिना पोलादाच्या. साबण आणि मग अॅसिटोनने तेल काढा, जस्ताला चालणाऱ्या बर्निशिंग (धातू काळपट करणाऱ्या) द्रावणात बुडवा, सतत हलवा, तपकिरी-काळे झाले की लगेच वाहत्या पाण्यात धुवा आणि हेअर ड्रायरने वाळवा. द्रावण आत राहिलं तर पिना गंजून पट्टा ताठ होतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला सर्किट बोर्ड खोडायला मिळणारं फेरिक क्लोराइडही जस्त काळं करतं. पण ते जस्ताशी उष्णता सोडत झपाट्याने लागतं, वाफ येते, डाग जात नाहीत. करायचंच तर एकास दहा पातळ करून, प्लॅस्टिकच्या टबात, उघड्यावर, हातमोजे आणि चष्म्यासह. मी द्रावणाचे पैसे देणं पसंत करीन.

त्यानंतर पट्ट्यावर पातळ मातकट रंग लावा आणि गाडी काँक्रीटवर पंधरा मिनिटं चालवा. जमिनीला टेकणारी पोटं आपोआप चकाकतात, अगदी जिथे चकाकायला हवीत तिथेच. ब्रशने चांदी फासून हा परिणाम मिळत नाही. एक जागा मात्र हाताने करा: पट्ट्याच्या आतले दात जोडचाकांच्या मधून जातात आणि चाकांच्या आतल्या बाजूंना घासतात. तिथे गडद पोलादी रंगाची अरुंद कड आणि दातांच्या बाजूंना ग्राफाइटची पेन्सिल घासा. मॉडेल खालून पाहणारे थोडेच, पण वळताना ही चमक क्षणभर दिसते.

चालवताना कोरडी जमीन, बारीक गवत, काँक्रीट ठीक. ओली काळी माती नको, ती पट्टा आणि चाकांत साचून गाडी जाम करते. समुद्राची वाळू तर नकोच. मीठ आणि वाळू मिळून बुशिंग संपवतात. आल्यावर मऊ ब्रशने झटका, धुऱ्यांना पातळ तेलाचा एक एक थेंब, जास्तीचं तेल टिपून घ्या कारण ते धुळीत पसरतं. उचलताना हलच्या पोटाखाली दोन्ही हात घाला. टरेट, ड्रम किंवा मडगार्डला धरू नका. पावसाळ्यात बॅटरी काढून वेगळी ठेवा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि महिन्यातून एकदा पट्टे हाताने फिरवून बघा. एखादी पिन अडकत असेल तर तेव्हाच तेल सोडलेलं पुरतं, सप्टेंबरात ती तोडूनच काढावी लागते.